मल्हारीनं बैलांवर लिवलं ते

लिव उमे. पण मी सांगीन तेच लिव, आपल्या मनाचं त्यात घालू नको. मला कुठं वाचता येतं? तू काय लिवलंस ते मला कळायचं कसं?

तर मल्हारी. तुझ्या आज्याचा धाकटा भाऊ, माझा दीर. मी लगीन होऊन आले तवा त्याला मिसरूड बी फुटलेलं नव्हतं. आपलं मेंढरंवाल्याचं घर, कोणाला अक्षराची वळख न्हाई. हा मातर अंबडला एका वकिलाकडं गडी म्हणून राह्यला, अन् तिथून दोन गोष्टी घेऊन आला. एक लिवणं-वाचणं, दुसरी पार्टी. जी पार्टी राज्यावर होती तिचं मताच्या पेटीवरचं चित्र बैलजोडी होतं. वकील बैलजोडीच्या विरोधात, म्हणून आपला मल्हारी बी विरोधात. बिलकुल आंधळा विरोधात. बैलजोडीवाल्यानं दिवसा सूर्य दाखवला तरी हा म्हणायचा, कंदील हाय.

पण लिवायचा भारी हो. कोळशाचा तुकडा घ्यायचा अन् दिसंल त्या भिताडावर लिवायचा. सरकारानं गावात विहीर खोदली, तिला पाणीच लागलं न्हाई. तर याने तिच्या कठड्यावर लिवलं, "पाणी पुढच्या निवडणुकीला येईल." लोक बाया-पोरं घेऊन विहिरीवर. पाण्याला न्हाई, वाचायला! ज्याला वाचता येतं तो मोठ्यानं वाचायचा, बाकीचे हासायचे. बैलजोडीवाले येऊन त्यावर शेण फासायचे. शेण फासलं की हा लई खूश. मला म्हणायचा, "वैनी, शेण फासलं म्हंजे बराबर लागलं बरं का."

मी म्हणायचे, "भाऊजी, एक दिवस ते शेण तुमच्या तोंडाला लागंल."

"लागू द्या. शेणानं भिताड पक्कं होतं."

असं बोलणं. त्याला कोण काय शिकवणार?

आता पुंजाराम. आपल्या शेजारचा म्हातारा, आम्ही सगळे त्याला पुंजाबा म्हणायचो. त्याची बायको गोजरबाई गुडघ्यानं अधू, घराच्या बाहेर पडत न्हाई. मूलबाळ न्हाई. दोन बैल, पांढरेफेक. पोटच्या पोरासारखे वागवायचा. अन् पुंजाबा पक्का बैलजोडीचा. पार्टीची माणसं गावात आली की गाडी जुंपून चालला त्यांना घेऊन, या गावाहून त्या गावाला. पैसा घेत न्हाई, काही न्हाई. मल्हारीला ते बघून नुसती आग व्हायची.

रझाकार गेल्यावरची दुसरी निवडणूक यायची होती, त्याच्या आधीचा पोळा. आपल्याकडं ज्याच्याजवळ झूल हाय तो बैलावर झूल घालतो. ज्याच्याजवळ न्हाई तो बैलाच्या अंगावर रंगानं लिवून घेतो, ठिपके काढतो, पंजे उठवतो. मल्हारी आल्यापासून सगळा गाव त्याच्याकडंच यायचा. तर पुंजाबा बी आला, दोन्ही बैल धुऊन-पुसून.

"काय लिवू पुंजाबा?"

"लिव, बैलजोडीला मत द्या. एकाच्या अंगावर अर्धं, दुसऱ्याच्या अंगावर अर्धं."

"तुमाला काय देऊन राह्यलेत ते पार्टीवाले?"

"तू लिव. वकिली करू नको."

मल्हारी हासला. मी अंगणात पुरणाची डाळ निवडत होते, मला दिसला तो हासताना. गेरू खाली ठेवला अन् गाडीच्या चाकाला लावायचा काळा रंग घेतला. पुंजाबा समोर उभा राहून बघून राह्यला, मधूनच म्हणायचा, "अक्षर मोठं काढ, लांबून दिसलं पाह्यजे." अन् हा मोठं मोठं काढत होता.

संध्याकाळी वेशीत सगळे बैल उभे राह्यले. वाजंत्री, तोरण, सगळं. पुंजाबाची जोडी आली तसे एका बाजूचे लोक वाचायला लागले, "गाडी वढतो आम्ही." बस, एवढंच. मंग पुढचं काय म्हणून पळत पळत दुसऱ्या बाजूला गेले. दुसऱ्या बैलावर लिवल्तं, "शेपूट हालवतो मालक."

काय हासले गं लोक! जो तो इकडून तिकडं पळून राह्यला. शाळेच्या मास्तरानं तुझ्या आज्याला वाचून दाखवलं, आज्यानं मला सांगितलं, मला बी हासू फुटलं. पुंजाबाला वाचता येत न्हाई, अन् वाजंत्रीच्या दणक्यात लोकांचं बोलणं ऐकू येईना. त्याला वाटलं, आपल्या बैलांचं कौतुक चाललंय. त्याने पटका सारखा केला, छाती काढली अन् बैल वेशीतून दुसऱ्यांदा फिरवून आणले. लोकांनी अजून टाळ्या पिटल्या. एक जण कमरेमागं हात लावून शेपूट हालवून दाखवून राह्यला, त्याच्याकडं बघून पुंजाबा बी हासला.

तिथं माझं हासू गेलं.

पुंजाबानं मल्हारीचा हात धरला. "चल पोरा, तुझ्या काकूला वाचून दाखव. तिला वेशीत येता येत न्हाई." मल्हारी म्हणला, मला काम हाय, मंग येतो. पण म्हातारा कुठं सोडतो? शेजारधर्म म्हणून मी बी गेले.

गोजरबाईनं बसल्या बसल्याच बैलांच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं, हातानं पोळी चारली. मंग पदराला हात पुसून म्हणली, "हं, वाच बाबा."

मल्हारी बैलाकडं बघत म्हणला, "बैलजोडीला मत द्या."

"एवढंच?"

"एवढंच काकू."

"मंग लोक हासून कशापायी राह्यले? मला हितपर्यंत ऐकू आलं. मत मागितलं तर लोक हासत न्हाईत, तोंड फिरवतात."

पुंजाबाचा पटका तसाच ताठ. तो म्हणला, "मल्हारी, यात बैल कुठं लिवलंय? बोट ठेव."

बोट कुठं ठेवणार? त्याचा हात नुसताच बैलाच्या अंगावरून फिरला अन् खाली आला.

"खरं वाच."

मंग त्याने वाचलं. इतकं हळू, की गोजरबाई म्हणली, "काय म्हणला?" अन् त्याला परत वाचावं लागलं. दुसऱ्या वेळी त्याच्या तोंडाकडं मला बघवलं न्हाई. मी आरतीचं ताट घेऊन नुसती भिताडाकडं बघत उभी.

पुंजाबा ओसरीवर बसला. राग न्हाई, शिवी न्हाई. म्हणला, "त्या लोकांनी मताच्या पेटीवर बैलाचं चित्र छापून लावलं रे. आजपोतर माझ्या घरातल्या कशाचं चित्र कोणी छापलं न्हाई. तेवढ्यापायी गाडी जुंपत होतो. शेपूट मी कवा हालवलं?"

मल्हारीनं त्याचे पाय धरले. "काका, आत्ता घासलेट आणतो, सगळं पुसतो."

"आज पोळा हाय. आज बैलाला घासलेटनं जाळतोस?"

"उद्या पुसतो."

"उद्या बी कातडं तेच ऱ्हाईल. राहू दे."

अन् राह्यलं ते. चाकाचा रंग, जातो कुठं? पुंजाबाचं शेत तीर्थपुरीच्या वाटेवर. तो रोज ती जोडी घेऊन जायचा, अन् येणारा-जाणारा वाचायचा. मल्हारी त्या वाटेनं जायचा बंद झाला. मेंढरं लांबून, नाल्यातून घेऊन जायचा.

पण बोललेलं सोडून देता येतं, लिवलेलं कुठं सोडतं? तीर्थपुरीच्या बाजारात विरोधातल्या पार्टीची सभा होती. अंबडचा धर्मराज म्हणून भाषण करणारा, गाडीवर उभा राह्यला अन् हाच किस्सा सांगून राह्यला. पुंजारामाचं नाव घेऊन, गावाचं नाव घेऊन. तुझा आज्जा अन् मल्हारी बाजारालाच गेल्ते. लोक पोट धरून हासून राह्यले. धर्मराज म्हणला, "लिवणारा आमचा वाघ हितंच हाय, मल्हारी, वर ये!" लोकांनी उचलून त्याला गाडीवर चढवलं.

आज्जा सांगायचा, याने हात वर करून लोकांना थांबवलं अन् म्हणला, "हासू नका. त्यात काही बहादुरी न्हाई. त्या म्हाताऱ्याला वाचता येत न्हाई. त्याने मला एक सांगितलं अन् मी लिवलं दुसरं."

अगं, लोक अजून हासले! त्यांना वाटलं, हा बी किस्साच. "वाचता बी येत न्हाई!" म्हणून एकमेकाच्या पाठीवर थापा. मल्हारी वरडला, "खरंच सांगून राह्यलो, मी फसवलं त्याला!" तर कोणी खालून म्हणलं, "वा रे पठ्ठे!" तोंड उघडलं की लोक हासायचे. इतकी वर्सं त्यांना तेच तर शिकवल्तं त्याने.

घरी आला तो गोठ्यात जाऊन बसला. भाकर नेली तर म्हणला, "वैनी, पुंजाबा बाजारात होता. मागं, मिरच्यावाल्यांपाशी." बस. त्या दिवसापासून पुंजाबानं बाजार सोडला. मीठ-मिरची आमच्याकडून मागवायचा. मल्हारीच आणून द्यायचा, उंबऱ्यावर ठेवायचा अन् मागं फिरायचा.

पुढच्या पोळ्याला मल्हारीनं रंगाला हात लावला न्हाई. लोक बैल घेऊन आले, त्याने परत लावले. वेशीत बैल उभे राह्यले, कोणाला झूल, कोणाला ठिपके, कोणी दुसऱ्याकडून कायबाय लिवून आणलेलं. शेवटी पुंजाबाची जोडी आली. कोरी. वर्साभरात केस झडून तो काळा रंग गेल्ता. बाशिंग न्हाई, गोंडा न्हाई, शिंगाला रंग बी न्हाई. नुसते धुतलेले पांढरे बैल. अन् वाजंत्रीवाल्यानं का कोण जाणे, वाजवायचं थांबवलं. कोणीच हासलं न्हाई. ज्यानं मागच्या साली शेपूट हालवून दाखवलं तो खाली बघून राह्यला. मी बी.

मल्हारी सगळ्यांच्या मागं, लिंबाखाली. पुंजाबा बैल घेऊन बराबर त्याच्यापुढं गेला अन् थांबला.

"मल्हारी, वाच."

"काका..."

"वाच. तुला येतं ना?"

मल्हारीनं एका बैलाकडं पाह्यलं, मंग फिरून दुसऱ्या बाजूला गेला अन् दुसऱ्याकडं पाह्यलं. सगळ्या गावादेखत. म्हणला, "काही लिवलेलं न्हाई."

"आज बराबर वाचलंस," म्हणला पुंजाबा, अन् बैल घेऊन घरी गेला.

त्यानंतर मल्हारी म्हातारा होऊन मेला, पण कुठल्या भिताडावर त्याने अक्षर काढलं न्हाई. कोणी कागद वाचायला आणला तर वाचून द्यायचा, अन् वरून म्हणायचा, "मास्तराकडून बी एकदा वाचून घ्या." लोक म्हणायचे, याचा सवताच्या वाचण्यावर भरोसा न्हाई.

झालं. आता तू काय लिवलंस ते मला वाचून दाखव उमे. हळू वाच. अन् जे हाय तेच वाच.