मन्यार मॅडमचा सात ओळींचा प्रोग्राम

कॉलेजात कोणी नवा लॅपटॉप घेतला की मन्यार मॅडम आधी अभिनंदन करायच्या, मग पेढा मागायच्या आणि पेढा संपला की पर्समधून पेनड्राइव्ह काढायच्या. त्यात त्यांनी स्वतः लिहिलेला सात ओळींचा एक प्रोग्राम होता. तो नव्या लॅपटॉपवर चालवायचा आणि त्याच वेळी प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या, घरघर करणाऱ्या कॉम्प्युटरवरही. दोघांचं काम जवळजवळ एकदमच संपायचं. मालकाचा चेहरा पडला की मॅडम रुमालाला हात पुसत म्हणायच्या, "छान आहे हो. रंग तर फारच छान आहे."

मी जामनेरहून जळगावच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात पीएच.डी.साठी आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या लॅपटॉपची अशीच शोभा झाली. मॅडम माझ्या मार्गदर्शक, विषय प्रोसेसरची रचना.

"तोंड पाडू नको, जामनेर," त्या म्हणाल्या. विद्यार्थ्यांना गावाच्या नावानं हाक मारायची त्यांची खोड होती. "आजचा प्रोसेसर हुशार आहे. तो सूचना एकामागून एक करत बसत नाही. पुढच्या कितीतरी आधीच पाहून ठेवतो आणि ज्या एकमेकींवर अडलेल्या नाहीत त्या एकदम उरकतो. मी त्याला अशाच ओळी दिल्या, की प्रत्येकीला आधीच्या ओळीचं उत्तर पाहिजे. बिचाऱ्याला सहा हात, आणि काम काय, तर एका सुईत दोरा ओवायचं!"

मॅडम मूळच्या धुळ्याच्या. घरचा धंदा बांगड्यांचा. आई टोपली घेऊन पिंपळनेरकडच्या खेड्यांतून फिरायची आणि सुट्टीत मॅडम तिच्यासोबत असायच्या. त्यामुळे घरी हिंदी, वर्गात शुद्ध मराठी आणि कोणाची खोडी काढायची असली की अहिराणी, अशी त्यांची वाटणी होती. "कोन कोनासाठे थांबेल शे, ते पहिले सांग," म्हणजे कोण कोणासाठी थांबलंय, हा त्यांचा लाडका प्रश्न. तो त्या प्रोसेसरला जितका विचारायच्या तितकाच माणसांनाही.

एकदा प्रयोगशाळेच्या पंख्यांची फाईल अडली. एप्रिलचं जळगाव, आणि प्रयोगशाळेची भट्टी झालेली. मॅडमनी चौकशी केली, तर प्राचार्य कार्यालय अधीक्षकांच्या शेऱ्यासाठी थांबलेले आणि अधीक्षक प्राचार्यांच्या सहीसाठी. मॅडमनी दोघांनाही 'थंडगार ताक प्यायला' प्रयोगशाळेत बोलावलं, फाईल मध्ये ठेवली आणि दार ओढून घेतलं. ताक मात्र पाठवलं नाही. पंधरा मिनिटांत शेरा आणि सही, दोन्ही झाले. बाहेर आलेल्या प्राचार्यांच्या शर्टाचा रंग घामानं बदलला होता. "ताक?" त्यांनी विचारलं. "ते पंख्यासाठी थांबेल शे, सर," मॅडम म्हणाल्या.

माझं काम असं होतं : कोणत्या सूचना एकत्र चालवायच्या, हे प्रोसेसरनं अधिक चांगलं कसं ठरवावं, याची एक नवी रीत शोधायची. खरा प्रोसेसर घडवून पाहणं आमच्या आवाक्याबाहेर, म्हणून संशोधक त्याची नक्कल करणारा प्रोग्राम वापरतात. आमचा सिम्युलेटर मॅडमनी मी येण्याच्या चार वर्षं आधी लिहिलेला होता. तीन वर्षं राबलो. आकडे असे काही सुंदर आले, की आमचा शोधनिबंध परदेशातल्या एका परिषदेनं स्वीकारला. मॅडमच्या प्राध्यापकपदाची मुलाखतही महिन्यावर आली होती. सगळं कसं जुळून आलं होतं.

पासपोर्टसाठी फोटो काढून, नवा शर्ट घालून मी प्रयोगशाळेत गेलो. मॅडमनी फोटो पाहिले. "बरा दिसतोस," त्या म्हणाल्या. "बस. काल सहज आपल्या सिम्युलेटरचीही खोडी काढली."

त्यांनी त्याला दोनच ओळी दिल्या होत्या. पहिली ओळ मेमरीत एक संख्या ठेवते, दुसरी तीच संख्या उचलते. म्हणजे दुसरीनं थांबायलाच हवं. आमच्या सिम्युलेटरनं दोन्ही एकदम उरकल्या होत्या. संख्या ठेवली जाण्याआधीच ती उचलली गेली होती! आमचा सुंदर वेग बराचसा तिथून आला होता.

मी फोटो पाकिटात घातले. "मॅडम, ती चूक कोणाला दिसणार नाही."

"दिसणार नाहीच. पण आमच्याकडं गिऱ्हाईक बांगडी नुसती पाहत नाही रे, वाजवून घेतं."

त्यांनी माझ्यासमोरच पत्र लिहून निबंध मागे घेतला. त्याच सिम्युलेटरवर बेतलेले स्वतःचे जुने तीन निबंधही मागे घेतले. मी दोन आठवडे त्यांच्याशी बोललो नाही. त्या मात्र रोज माझ्या टेबलावर खारे शेंगदाणे ठेवून जायच्या.

मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं, "आपल्या संशोधनातलं सर्वांत मोठं यश?"

"स्वतःची चूक स्वतःच पकडली."

"आणि अपयश?"

"पकडायला सात वर्षं लागली."

समिती खळखळून हसली आणि पद दुसऱ्याला देऊन मोकळी झाली. मॅडम हे सगळं आम्हाला नकला करून सांगत होत्या. अध्यक्षांचं चष्मा पुसणं तर त्यांनी तीनदा करून दाखवलं.

चूक सुधारून मी सगळे प्रयोग पुन्हा केले. वेग वाढला, पण चिमूटभर. त्या चिमटीवर मला पदवी मिळाली. नंतर मीही शिकवू लागलो, आणि दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना मॅडमची गोष्ट सांगू लागलो : चूक दिसली आणि दुसऱ्याच दिवशी बेधडक सांगून मोकळ्या झालेल्या बाईंची.

निवृत्तीनंतर मॅडम धुळ्याला राहायला गेल्या. मला पीएच.डी.चे विद्यार्थी घेण्याची मान्यता मिळाली, तेव्हा सांगायला गेलो. त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, पण जीभ जागेवर होती. "म्हणजे आता तू पोरं रडवणार," त्या म्हणाल्या. मी हसत त्यांना सांगितलं, की वर्गात तुमची गोष्ट अजून सांगतो.

मॅडम हसल्या नाहीत.

"तुला 'काल खोडी काढली' म्हटलं होतं ना, ते 'काल' नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "चूक आठ दिवस आधीच दिसली होती मला. आठ दिवस मी गप्प बसले. मुलाखत होऊ दे, मग पाहू, म्हटलं."

"मग सांगितलंत का?"

"तू फोटो दाखवलेस. नवा शर्ट, केसांना तेल, आणि चेहऱ्यावर ते हसू. माझ्या चुकीवर तुला उभं करवेना. माझं एकटीचं असतं ना, तर मी गप्पच राहिले असते. बठ्ठं सांगी टाकं आज तुले, सगळंच."

मग त्यांनी मला चहा करायला पिटाळलं, आणि चहात साखर कमी पडली म्हणून यथेच्छ शिव्या दिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. गोष्ट मी अजूनही सांगतो, पण आता त्या आठ दिवसांसकट. पंख्याच्या फाईलवर पोरं हसतात, मुलाखतीवर टाळ्या वाजवतात. आठ दिवसांपाशी आलो की वर्गात कोणी मोबाइलकडं पाहत नाही.