अक्काची चूल बंद!

सुप्यात आमच्या गल्लीत किस्से शोधायला जावं लागत नाही. ओटा झाडायला बाहेर पडलं की पायात येतात! त्या दिवशी मी कुंपणालगत वाळलेलेच कपडे पुन्हा वाळत घालत होते. पलीकडे शेजारचे तात्या फोनवर बोलत होते. "हृदयाच्या उजव्या बाजूचा संशय हाय. नगरला तपासायचंय. मग काय, अक्काची चूल..." तेवढ्यात टेम्पो गेला आणि पुढचं राहिलं.

संध्याकाळपर्यंत मी गल्लीभर सांगून टाकलं, "अक्काची चूल बंद!"

अक्का म्हणजे तात्यांची बायको. तीस वर्षं एमआयडीसीतल्या कामगारांना भाकरीचे डबे देते. चुलीवरच्या भाकरी!

*

नगरला सोबत मीच गेले. मला कोण थांबवणार? डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बघून पहिलंच विचारलं, "बिडी ओढता?"

अक्का भडकली. "आमच्यात बाया ओढत न्हाईत!"

"मग फुप्फुसं अशी कशी?"

तात्या खिशातलं बिडीबंडल दाबत म्हणाले, "भाकऱ्या करती हो ती."

*

मग टूडी इको. "डाव्या कुशीवर झोपा, मावशी." छातीवर गार जेल लावलं, मशीन फिरायला लागलं आणि अक्का चक्क घोरायला लागली!

उठवलं तर म्हणाली, "लग्न झाल्यापासनं दिवसा झोप म्हननाऱ्या तुमीच पहिल्या."

*

बाईंनी पडद्यावर दाखवलं. हृदयाचा उजवा कप्पा फुप्फुसांत रक्त ढकलतो. धुरानं फुप्फुसं खराब झाली, ढकलून ढकलून कप्पा फुगला. "कप्प्याची ही कडा दर ठोक्याला सतरा मिलिमीटर तरी सरकायला हवी. यांची दहाच सरकतेय."

तात्या शाळेतून शिपाई म्हणून रिटायर झालेले. हात जोडून म्हणाले, "मॅडम, सात मार्क ग्रेस द्या की!"

कुणी हसलं नाही. अक्का पडद्याकडेच बघत होती. "लई राबतंय हो बिचारं," म्हणाली. जसं काही दुसऱ्याच कुणाचं होतं.

"गेलंय ते परत येईल असं नाही," बाई म्हणाल्या. "आहे तेवढं टिकवायचं. धूर नको. अक्कांची चूल बंद!"

*

दुसऱ्या दिवसापासून भाकरी गॅसवर. डबे अर्धे भरलेले परत आले. "चव न्हाई, अक्का." तात्यांनीही ताट सरकवलं.

मी रोजची एक भाकरी न्यायला गेले होते. अक्काची सून मनीषा परातीत पीठ मळत होती. तुकडा मोडला आणि तोंडातून निघून गेलं, "काही म्हणा, चुलीची ती चुलीचीच!"

*

आठ दिवसांनी सकाळी धुराचा वास आला. मी कुंपणावरून डोकावले. अक्काची चूल थंडगार, वर तिच्या गोळ्यांची पिशवी. म्हटलं, माझी बातमी खरी!

मग मागच्या पत्र्याच्या शेडकडं नजर गेली. नवी चूल. माती अजून ओली. मनीषा फुंकणी घेऊन बसलेली.

"तात्या, अहो हे काय?"

"बाई अक्काची चूल म्हनल्या. मनीषाचं नाव कुठं घेतलं?"

मनीषा खोकली. पदरानं डोळे पुसले आणि कुंपणावरून भाकरी माझ्यापुढं धरली.

"घ्या काकू. चुलीची ती चुलीचीच."