कुलपात ठेवलेला हॉर्न

आधी चूक दुरुस्त करते. गेल्या महिन्यात आमच्या वाद्यवृंद मंडळाच्या पत्रिकेत मी लिहिले होते, की दौलतरावजींनी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ हॉर्नवादन थांबवले. ते असत्य आहे. चिटणीसांनी सांगितले आणि मी दौलतरावजींना न विचारताच लिहिले. ज्यांच्या पंचाहत्तरीचा हा ग्रंथ आहे, त्यांच्याबद्दलचे खोटे माझ्या नावाने छापले गेले.

दौलतरावजी मूळचे खाप्याचे. फौजेच्या बँडमध्ये ते फ्रेंच हॉर्न हे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य शिकले आणि निवृत्तीनंतर तीस वर्षे आमच्या वाद्यवृंदात वाजवत राहिले. माझे पहिले शिक्षण घरीच झाले. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. त्यांनीच मला दौलतरावजींकडे नेले. “हिले हॉर्न शिकाचा हाय म्हणते,” वडील म्हणाले. दौलतरावजींनी चष्मा चढवला. “दात दाखव वं,” हे त्यांचे मला उद्देशून पहिले वाक्य; हॉर्न फुंकताना ओठांना आधार समोरच्या दातांचाच असतो.

हॉर्नवाल्याला कितीतरी मात्रा गप्प बसून मोजाव्या लागतात आणि नेमक्या जागी सूर लावावा लागतो. पहिल्याच कार्यक्रमात मी चार मात्रा आधी शिरले. संचालकांनी डोळे वटारले, तेव्हा शेजारी बसलेल्या दौलतरावजींनी स्वतःचा हात वर केला. नंतर जिन्यात मला म्हणाले, “चूक तुही होती, मले माहीत हाय. मांडीवर बोटं ठेवून मोजत जाय. मी अजून मोजतो.” ते खरेच मोजत.

अशा माणसाचा हॉर्न मंडळाने काढून घेतला. वाद्य मंडळाच्या मालकीचे, हे मान्य. अमृतमहोत्सवानिमित्त ते सदर भागातल्या कार्यालयात काचेच्या अलमारीत, त्यांच्या नावाच्या पाटीसह ठेवायचे ठरले. एका तालमीनंतर शाल दिली, हॉर्न घेतला, कुलूप लावले; मोठा सत्कार पुढे ठेवला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आता त्यांचा भाग की-बोर्डवर वाजतो.

पत्रिकेचा तो अंक द्यायला मी वाडीला त्यांच्या खोलीवर गेले, तेव्हा ते नुसता माउथपीस, हॉर्नचे सुटे होणारे तोंड, ओठांना लावून फुंकत बसले होते. तेवढाच त्यांच्या मालकीचा. मजकूर वाचून हसले. “काय झालं वं मले? नाव सांग, म्हणजे औषध आणतो.” मग हसू थांबले. “सहा महिने हॉर्न तोंडाले लागला नाही, तर या वयात ओठाची ताकद परत येत नाही. तीन तं गेले.”

हॉर्न अलमारीत ठेवायचे ठरले, त्या बैठकीचे इतिवृत्त मी काढून वाचले. त्यात प्रकृतीचा उल्लेखच नाही. चिटणीसांना विचारले, तर ते म्हणाले, “अहो, बहुमान आहे हा! या वयात कोणी फुंकतं का? आणि हे त्या ग्रंथात नका लिहू, शोभत नाही.” वाजवू शकणाऱ्या माणसाचे वाद्य कुलपात घालून त्याच्याच सत्काराची निमंत्रणे वाटणे मात्र शोभते! ज्यांनी तीस वर्षांत एक तालीम चुकवली नाही, त्यांना एका शब्दाने विचारावे असे त्या बैठकीतल्या तेरा सभासदांपैकी कोणालाच वाटले नाही. हा परिच्छेद गाळायचा असेल, तर माझा संपूर्ण लेख परत करावा, असे मी संपादकांना लेखी कळवले आहे.

या वेळी मी दौलतरावजींना आधी विचारले, “मागू का हॉर्न?” त्यांनी माउथपीस पुसून खिशात ठेवला. “माग,” म्हणाले. “पण भांडू नको. अन् व्हॉल्व्हले तेल घालून आणजो, आखडले असतीन.”

दौलतरावजींना शंभरी लाभो, दात शाबूत राहोत, छातीत दम राहो. पण त्यांच्या ओठांना माझ्या शुभेच्छा पुरणार नाहीत. सत्कार रविवारी आहे. त्या दिवशी मी गप्प बसेन, कारण तो दिवस त्यांचा आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता, कार्यालय उघडताच, मी अलमारीची किल्ली मागायला जाणार आहे. किल्ली मिळाली नाही, तर माझ्याकडचा मंडळाचा हॉर्न आणि माझा राजीनामा चिटणीसांच्या टेबलावर ठेवीन, त्याच सोमवारी.