जळकोटला न पोचलेलं लोणचं

ऑनलाइन लोणचं विकायला लागल्यापासून माझा देव सोडून कुणावरच विश्वास राहिलेला नाही. "पार्सलमधी अमुक न्हाई" म्हणणारं गिऱ्हाईक लबाडच असतं, हे माझं ठाम मत! (आधीच्या दोघींनी तक्रार ठोकून फुकटात पापड हाणले होते. आणखी एक तक्रार झाली, की ॲपवाले आमचं दुकानच बंद करणार होते.)

त्यात जळकोटहून फोन आला. "ताई, चटणी आली, पापड आले. लोणचं न्हाई."

आली तिसरी! पण या वेळी मी तयारीत होते. खोकं भरताना व्हिडिओ काढला होता आणि त्यात मी लोणच्याची बरणी ठेवताना स्पष्ट दिसत होते.

"माझ्याकडं व्हिडिओ हाय, ताई. अन् कुरिअरवाल्याकडं वजनबी बरोबर भरलंय. लोणचं नव्हतं तर वजन कशाचं भरलं? हवेचं?"

"नारळाचं!" ती कडाडली. "नारळ, खण, हळदीकुंकू अन् तांदूळ! आमच्या सासूबाई म्हनून राहिल्या, कुणीतरी करणी केली. खोकं बाहेर लिंबाच्या झाडाखाली ठिवलंय, समदी गल्ली बघायला येऊन राहिली. मी तक्रारच करते आता!"

नारळ कुठून आला? तेवढ्यात शेजारी शेंगा फोडत बसलेल्या माझ्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मीच घातला की."

"आत्याबाई!"

"तू चिकटपट्टी हुडकायला गेलतीस. खोकं चाललं जळकोटला, माझ्या माहेराला! तिथल्या लेकीसुनेची ओटी न भरता कसं धाडायचं? नारळ बसंना, म्हनून बरणी काढली. फडताळात हाय." मग आवाज चढला. "अन् तू माझ्या माहेरच्या बाईला लबाड ठरवून राहिलीस? जा, सोता जाऊन देऊन ये!"

मी फोनवर गयावया करून तक्रार थांबवली, बरणी पिशवीत घातली आणि उदगीरहून एसटीनं जळकोट गाठलं. दारातच हात जोडून सगळं सांगितलं. त्या घरच्या म्हाताऱ्या सासूबाईंनी आमच्या आत्याबाईंचं नाव ऐकलं मात्र, "अगं बया, ती व्हय! आम्ही संगं खेळलेल्या!" म्हणत मला मिठीच मारली. करणीचा नारळ लिंबाखालून देव्हाऱ्यात गेला. मला आग्रह करकरून जेवू घातलं, माझीही ओटी भरली, आणि तक्रारीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. मी खुशीत घरी परतले.

"दिलं का लोणचं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

मी पिशवी उघडली. ओटीच्या नारळाखाली बरणी तशीच बसलेली! तोवर फोन वाजलाच. "ताई, रागावू नगा, पर लोणचं आजबी आलं न्हाई."

आता यात कुरिअरवाला नव्हता, आत्याबाई नव्हत्या, होते ती फक्त मी. तरी सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलंच, "ताई, मी लोणचं न देताच निघाले, याचा व्हिडिओ हाय का तुमच्याकडं?"