फुफ्फुसं स्वच्छ निघाली

दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात अकोल्याच्या एका दवाखान्यात माझ्या छातीचा एक्स-रे काढला. क्षयाच्या रुग्णालयात पाठवण्याआधी तो सगळ्यांचाच काढत. डॉक्टरांनी ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

“फुफ्फुसं स्वच्छ आहेत,” ते म्हणाले. “क्षय नाही. पण हृदयाची सावली मोठी दिसते. सदरा काढा.”

त्यांनी मला डाव्या कुशीवर निजवून नळी लावली. आधी अमरावतीच्या डॉक्टरांनी पाठीवर नळी लावून फुफ्फुसंच ऐकली होती आणि क्षय ठरवला होता.

“लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?”

आला होता. शाळेचं एक वर्ष त्यात गेलं होतं.

“मायट्रल स्टेनोसिस,” ते म्हणाले. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडप असते. त्या तापानंतर ती जाड होते आणि वर्षानुवर्षं आकसत जाते. रक्त पुढे नीट सरकत नाही, मागे फुफ्फुसात तुंबतं. म्हणून दम लागतो. म्हणून खोकल्यातून रक्त पडतं.

“यावर ऑपरेशन नाही. मीठ कमी करा, ओझं उचलू नका, उशी उंच घ्या. डिजिटॅलिसचे थेंब देतो. आणि एक लक्षात ठेवा, हा रोग कोणाला लागत नाही.”

शेवटचं वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

पोळ्यानंतर रक्त पहिल्यांदा पडलं, तेव्हापासून मी अमरावतीबाहेर आमच्या भाजीच्या वाडीतल्या झोपडीत राहत होतो. बायको विमल आणि तान्ही मुलगी सासऱ्यांकडे धामणगावला गेल्या. साप्ताहिकातलं काम सुटलं. बाजाराला जाणाऱ्या माळणींनी झोपडीजवळची पायवाट सोडली. त्या पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून जाऊ लागल्या. थोरला भाऊ डबा बांधावर ठेवून हाक मारी.

“जित्ता हायेस ना बे?”

“हाय.”

“मंग जेव. वांगंच हाय. वाडीत दुसरं काय पिकून राह्यलं?”

दिवसभरात माझ्याशी बोलणं एवढंच होई.

ज्यांना खोकल्यातून रक्त पडतं त्यांनी क्षयाची तपासणी करावीच. त्याच वेळी हृदयही ऐकून घ्यावं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

अकोल्याहून परतताना बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला जायचं होतं. मी उतरलो नाही. तसाच धामणगावला गेलो.

सासरे ओट्यावर होते. “तिथंच थांबा, जावईबापू. आंदर लेकरू हाय.”

मी अंगणात उभा राहून डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.

“फोटोत खोकला दिसते काय?” ते म्हणाले. “अमरावतीचे डॉक्टर काय येडे होते?”

विमल दारात आली. तिने वडिलांकडे पाहिलं नाही.

“कोनाले लागते का?”

“नाही.”

“बरं होते का?”

“नाही.”

ती आत गेली आणि मुलीला घेऊन बाहेर आली. सासरे उठले. “विमल, काहून आनून राह्यली तिले?”

“त्यायची पोरगी हाय, बाबा.”

तिने मला ओट्यावर बसायला सांगितलं आणि मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं. मुलीने मला ओळखलं नाही. आईकडे हात पसरून ती रडू लागली. विमल समोर बसून राहिली. तिने मुलीला उचललं नाही.