एफ्रम हॅडली कुठल्या गावचा?

कार्ड बदामी रंगाचे होते आणि त्यावर पाच ओळी छापल्या होत्या. पात्राचे नाव. जन्म कुठे. बाप कुठला. आई कुठली. काम कोणाच्या हाताखाली शिकला. पहिल्या ओळीवर हॉरेस ट्रोमन्सने 'एफ्रम हॅडली, गोठ्यावरचा गडी' असे नीट लिहिले आणि पेन खाली ठेवले. उरलेल्या चार ओळींवर काय लिहायचे हे त्याला माहीत नव्हते. रेडिओवर एफ्रम हॅडली होऊन त्याला एकतीस वर्षे झाली होती.

'सॅलोब्रुक' ही मालिका बर्मिंगहॅमच्या केंद्रावरून आठवड्यातून पाच संध्याकाळी लागत असे. सॅलोब्रुक नावाचे गाव नकाशात नाही, पण तिथल्या गाईचे वेत चुकीच्या महिन्यात दाखवले तर पोतेभर पत्रे येत. बोलण्याबद्दल मात्र कोणी कधी लिहीत नसे. पबचा मालक लँकेशायरच्या हेलात बोले, पाद्री स्कॉटलंडचा होता, आणि सख्ख्या बहिणींपैकी थोरली डेव्हनची वाटे तर धाकटी लंडनची. नट जिथला मिळेल तिथला घ्यायचा, ही १९४८ पासूनची रीत होती. ऐकणाऱ्यांनीही ती गोड मानून घेतली होती.

नव्या निर्मात्याला, पॉलफ्रीला, ती मानवेना. एकाच विहिरीचे पाणी प्यायलेली माणसे सहा ठिकाणची कशी बोलतील, असे त्याचे म्हणणे होते. प्रत्येक पात्राचा हेल खऱ्या जागेचा असला पाहिजे; ज्याला जागा नाही त्याला सॅलोब्रुकात घर नाही. कार्डे भरून द्यायला पुढच्या शुक्रवारपर्यंतची मुदत होती. लेखकांनी तयारीही केली होती. एफ्रमची कॅनडातली बहीण, जिचे नाव तोवर कोणी ऐकले नव्हते, तिचे पत्र आले होते की इकडे खोली रिकामी आहे, कायमचा ये. कॅनडाला गेलेले पात्र परत येत नाही, हे तिथे सर्वांनाच माहीत होते.

हॉरेस अठ्ठावन्न वर्षांचा होता. एफ्रमच्या आवाजाने त्याला ओळख दिली होती आणि त्याच आवाजाने बाकीची दारे बंद केली होती. कुठेही काम मागायला गेला की पहिल्या वाक्याला लोक हसत, अरे हा तर एफ्रम. एफ्रम गेला तर हॉरेसला दुसरे काम उरत नव्हते.

घरी, क्रॅडली हीथमध्ये, तो असा बोलतच नसे. ते साखळ्या घडवणाऱ्यांचे गाव. त्याचा बाप परसातल्या भट्टीवर कड्या ठोकत असे, आईही ठोकत असे, आणि तिथली बोली बाहेरच्यांना नुसती ऐकूनच हसू आणी. ती तो उंबऱ्याच्या आत बोले. केंद्राच्या पायऱ्या चढताना तो सभ्य इंग्रजी बोले, आणि मायक्रोफोनसमोर एफ्रमचे.

त्याच्या बायकोला, बेरिलला, एफ्रम कधीच आवडला नव्हता. मालिका लागली की ती भांडी घासायला उठे.

"एकतीस वर्षं तुझ्या पगारावर जगतोय मेला," ती म्हणे, "आणि एकदा आपल्याकडे जेवायला आलेला नाही."

मंगळवारी केंद्रावर मिस मॉसक्रॉप आली. नटांना हेल शिकवणे हे तिचे काम. दोन वाक्ये ऐकून माणूस कुठल्या गल्लीतला ते ती सांगते, असा तिचा बोलबाला होता. पबच्या मालकाचे काम करणाऱ्या नटाला तिने त्याची शाळा ओळखून दाखवली आणि तो दिवसभर तेच सांगत फिरला. हॉरेसला तिने टेपसमोर बसवले आणि एफ्रमला बोलू दिले. एफ्रम पावसाबद्दल बोलला, खुराच्या रोगाबद्दल बोलला, चीजच्या भावाबद्दल बोलला. मिस मॉसक्रॉप डोळे मिटून ऐकत होती आणि तिच्या कपाळावरची आठी वाढत होती.

शेवटी तिने सांगितले की एफ्रम सॉमरसेटमध्ये तोंड उघडतो, डॉर्सेटमध्ये जीभ वळवतो आणि नॉरफोकमध्ये वाक्य संपवतो. मधे कुठेतरी ग्लॉस्टरशायरही लागते. असा माणूस जन्मायला आईला चार जिल्ह्यांत धावपळ करावी लागली असती. हॉरेस कसाबसा हसला.

"एक राहिलं," ती म्हणाली. "गाईंना हाक मारता ना तुम्ही, ती ऐकवा."

ती हाक सगळ्या देशाला पाठ होती. पहिली काही वर्षे मालिका तिनेच सुरू होत असे. हॉरेस उभा राहिला, कारण बसून ती मारता येत नसे. खालच्या पट्टीत दोन लांब हाका, तिसरी तुटक, मग श्वास आत ओढताना केलेला एक आवाज, आणि त्या आवाजावरून वर चढलेली चौथी.

मिस मॉसक्रॉपने डोळे उघडले. "ही कोणाची?"

"माझीच. सुचली."

"ही सुचत नाही, मिस्टर ट्रोमन्स. आत ओढलेला श्वास कोणाला सुचतो? हाक गाईंसाठी असते. त्या ज्या हाकेला येतात तीच टिकते, आणि ती खोऱ्याखोऱ्याला निराळी असते. तुम्ही कुठे राहिलात, गोठ्याजवळ?"

तो म्हणाला की कुठेच नाही. मग म्हणाला, आजोबांचे शेत होते. ऑडिशनच्या दिवशीही त्याने हेच सांगितले होते. मिस मॉसक्रॉपने ते लिहून घेतले नाही. ती शनिवारी सकाळी सरळ क्रॅडली हीथला त्याच्या दारात उभी राहिली. निर्मात्याने पाठवले नव्हते, तिलाच चैन पडत नव्हते.

बेरिलने तिला चहा दिला, आणि आजोबांच्या शेताचा विषय निघाला तेव्हा तिने नवऱ्याकडे असे पाहिले की त्याने कपात तोंड घातले.

"शेत कसलं," बेरिल म्हणाली. "याच्या आजोबांकडे एक कुंडी नव्हती. हॉप तोडायला जायचो आम्ही, टीम नदीकडे. सगळी गल्ली जायची. सांग की, त्यात काय चोरी केलीस?"

ते खरे होते. बिअरला कडूपणा आणणाऱ्या हॉपच्या वेलांवर सप्टेंबरात बोंडे भरली की क्रॅडली हीथच्या बायका पत्र्याच्या पेट्या आणि पोरे घेऊन आगगाडीने टीमच्या खोऱ्यात जात आणि तीन आठवडे रिकाम्या कोठारात गवतावर झोपत. तिकडच्या गावांतले दुकानदार त्यांना पाहून सामान आत ओढून घेत. हॉरेस लागोपाठ सात वर्षे सप्टेंबरात गेला होता. रेडिओ केंद्रावर हे सांगायची त्याची छाती झाली नव्हती. मळ्याचे नाव त्याला आता आठवत नव्हते. हॉप सुकवायची गोल भट्टी आणि तिचे वाकडे धुराडे तेवढे आठवत होते.

"आणि गोठ्यात कोण होतं?" मिस मॉसक्रॉपने विचारले.

हॉरेसने कप खाली ठेवला. एक गडी होता, तो म्हणाला. दुकानात शिरू न देणारे सगळे होते, पण तो गोठ्यात शिरू द्यायचा. नाव ठाऊक नाही.

तासाभरात ते दोघे मिस मॉसक्रॉपच्या लहानशा गाडीतून टीमच्या खोऱ्यात उतरले. पहिल्या मळ्यावर मालक म्हणाला की तो गाईंना हाक मारत नाही, ट्रॅक्टरचा भोंगा वाजवतो. दुसऱ्या मळ्यावर हॉरेसने कुंपणाला टेकून हाक मारली. गाईंनी चरणे थांबवले नाही. एक म्हातारा मात्र खिडकीतून डोकावला आणि म्हणाला की एफ्रम हॅडलीची नक्कल अजून घोटायला हवी. मिस मॉसक्रॉप गाडी सुरू करून कितीतरी वेळ हसत होती.

तिसऱ्या मळ्याच्या वळणावर हॉरेसने तिच्या हातावर हात ठेवला. वाकडे धुराडे उभे होते. भट्टी बंद पडलेली होती, पण गोठा धुतलेला होता आणि पलीकडच्या कुरणात तीसेक गाई होत्या. दुपारचे दोन वाजले होते. दूध काढायला अजून अवकाश होता.

त्याने टोपी काढली आणि हाक मारली. दोन लांब, एक तुटक, आत ओढलेला श्वास, आणि वर.

सगळ्यात पुढच्या लाल गाईने मान वर केली. मग दुसरीने. मग सगळ्या वळल्या आणि एकामागे एक, पायवाट धरून, त्याच्याकडे चालू लागल्या. हॉरेसने एकतीस वर्षे ही हाक हजारदा मारली होती. उत्तर म्हणून स्टुडिओतली मुलगी ध्वनिफीत लावत असे. आपल्या हाकेला कोणीतरी खरेच येते, हे तो प्रथमच पाहत होता. त्याने कुंपण घट्ट धरले.

गोठ्यातून साठीची एक बाई बादली घेऊनच बाहेर आली. रबरी बूट, डोक्याला रुमाल, आणि चेहऱ्यावर राग.

"कोण आहे रे? माझ्या गाई दोन तास आधी कोणी बोलावल्या?"

हा रेडिओवरचा एफ्रम, असे मिस मॉसक्रॉपने ओरडून सांगितले तेव्हा बाईने नीट पाहिले, आणि पावलांचा वेग कमी केला. तिचे नाव विनी प्रॉबर्ट. बापाचे नाव टॉम. तो याच गोठ्यात चाळीस वर्षे होता आणि एक्कावन्न साली गेला. हे सगळे तिने दारातच सांगितले, आणि मग स्वयंपाकघरात नेऊन त्यांच्यापुढे ब्रेड, चीज आणि कांद्याचे लोणचे ठेवले.

पहिला भाग लागला तेव्हा बाप याच खुर्चीत होता, ती म्हणाली. हाक ऐकून तो उठून उभा राहिला. कोणीतरी आपल्याकडून हाक शिकून गेला, तो आता भेटायला येईल, असे त्याने धरून ठेवले. तीन वर्षे रविवारी धुतलेला सदरा घालून बसायचा.

हॉरेसने हातातला ब्रेड ताटलीत ठेवला.

"आणि बाकीचं बोलणं?" मिस मॉसक्रॉपने हळूच विचारले. "एफ्रमचं?"

"ते होय?" विनीला हसू आवरेना. "असं इथे कोणी बोलत नाही. कुठेच बोलत नसतील. बाबा म्हणायचे, हाक माझी आहे, पण तोंड चोरबाजारातलं. राग मानू नका हं. कुठल्या घरचे तुम्ही? इथलेच का?"

त्या एका प्रश्नाचे खोटे उत्तर त्याच्या जिभेवर एकतीस वर्षे तयार होते. "नाही," तो म्हणाला, आणि पुढचे त्याच्या तोंडून घरच्या बोलीत आले. "हॉपवाल्यांतला मी. क्रॅडली हीथचा. ट्रोमन्स. माझी आई साखळ्या करायची."

विनीने उठून फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात दोरीत ओवलेल्या साखळीच्या पाच कड्या होत्या, अंगठ्याएवढ्या. जाताना एका बाईने बापाला दिल्या होत्या, ती म्हणाली, पोराला गोठ्यात घेतल्याबद्दल. पोर दिवसभर बाबांच्या मागे असायचे आणि त्यांच्यासारखे बोलायला बघायचे. त्याला जमायचे नाही. सगळे हसायचे.

परतीच्या वाटेवर मिस मॉसक्रॉपने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि कार्ड मागितले. हॉरेसने ते दिले नाही. मांडीवर ठेवून स्वतःच भरले. जन्म: क्रॅडली हीथ. बाप आणि आई: तिथलेच, साखळ्या घडवणारे. काम शिकला: टीमच्या खोऱ्यात टॉम प्रॉबर्टच्या हाताखाली, नऊ वर्षांचा असताना हॉप तोडायला गेला आणि मागेच राहिला. लोकांनी हसू नये म्हणून जमेल तसे बोलला.

शुक्रवारी पॉलफ्रीने ते वाचले आणि चष्मा काढला. त्याचे म्हणणे, ही पळवाट आहे. असे कोणाच्याही कार्डावर लिहिता येईल. मिस मॉसक्रॉपने त्याला सांगितले की घर लपवायला निघालेला माणूस नेमका असाच बोलतो. कुठलाच नसलेला तो हेल त्याचा खरा हेल असतो. फक्त लपवणारा माणूस कधीतरी चुकतो, आणि एफ्रम एकतीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही. तेवढे मात्र अजिबात खरे वाटत नाही.

"मग चुकू दे," पॉलफ्री म्हणाला. "ऐकू या."

लेखकांनी कुरकुरत कॅनडाचे पत्र रद्द केले आणि एक प्रसंग लिहिला. लाल गाय अडते, वासरू आडवे येते, डॉक्टर पोचत नाही. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हॉरेस आवाजासाठी ठेवलेल्या पाण्याच्या बादलीशेजारी उभा राहिला. संहितेत एफ्रमचे वाक्य होते, "अगं, धीर धर, झालंच." त्याने ते आपल्या आईच्या बोलीत म्हटले, भट्टीशी उभी राहून ती पोरांना म्हणे तसे. काचेपलीकडे पॉलफ्रीने कपाळाला हात लावला. पुन्हा घ्या, असे मात्र तो म्हणाला नाही. त्याने कार्डाच्या कोपऱ्यावर सही केली.

तो भाग बुधवारी लागला. विनी प्रॉबर्टला आधीच चिठ्ठी गेली होती. क्रॅडली हीथमध्ये बेरिल सवयीप्रमाणे भांड्यांकडे वळली, आणि वासराच्या प्रसंगाला हात ओले घेऊन दारात थांबली. भाग संपला तरी ती तिथेच होती. हॉरेसने रेडिओ बंद केला.

तिने हात पुसले, चुलीवरच्या पातेल्यात डोकावून पाहिले आणि म्हणाली, "खारं डुकराचं मांस नि वाटाणे आहेत उद्या. पुरतील तिघांना. त्या मेल्याला म्हणावं, ये."