पोळ्याच्या दिवशी जुंपलेली मशीन

आमच्या मुलीने गल्लीभर सांगून ठेवलं होतं, की यंदा तान्ह्या पोळ्याला तिचा बैल बाबा स्वतः करणार. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले चाकांवरचे लाकडी बैल ओढत नेतात, तो तान्हा पोळा. दरवर्षी आम्ही बैल बाजारातून आणायचो. या वर्षी मीच फुशारकीने बोलून बसलो आणि तिने ते शब्दशः धरलं. लेकरांसमोर बोललेलं म्हणजे स्टँपपेपरवर लिहिलेलं, हे मला कळायला हवं होतं.

मी मंगरूळपीरच्या एका कचेरीत दिवसभर कागद पुढे सरकवतो आणि सुट्टीला मागच्या खोलीत सुतारकाम करतो. पाट, चौरंग, एक डुगडुगणारं स्टूल, एवढीच माझी कमाई. सगळं सरळ रेषेतलं. बैल मात्र कुठूनच सरळ नसतो. वशिंड, मान, शिंगं, सगळीकडे वळणं. हाताच्या करवतीने ती निघेनात, म्हणून मी बँडसॉच्या मागे लागलो. वर एक चाक, खाली एक चाक, आणि त्यांच्यावरून पट्ट्यासारखं फिरणारं लांब पातं. त्यावर फळी हवी तशी वळवत कापता येते.

कामरगावच्या एका मिस्त्रीचाचांकडे जुनी बँडसॉ पडून होती. त्यांची पोरं आता प्लायवूडची कपाटं करतात.

"वाकडं कापाले कोनाले फुरसत आहे आता, भाऊ?" चाचा म्हणाले. "सारी दुनिया चौकोनी झाली. घेऊन जा. तुमच्याकडे बैल कापून राह्यली म्हंजे तिचंबी दिल लागीन."

वर त्यांनी सागाचे चार तुकडे फुकट दिले. मालवाहू ऑटोत मशीन दोरखंडाने बांधली आणि मी मागे तिला मिठी मारून बसलो. रस्त्यावरच्या प्रत्येक गचक्याला ती माझ्या अंगावर यायची. लग्नाच्या वरातीतही मी इतका खूश नव्हतो, हे बायकोला सांगितलं नाही तेच बरं.

बसवायला मात्र नाकी नऊ आले. फरशी एका बाजूला उतरती, त्यामुळे मशीन सुरू केली की ती दाराकडे चालू लागायची. जुन्या चपलांचे तळवे कापून पायांखाली घातले तेव्हा कुठे थांबली. मग फळी लावली, तर कापण्याऐवजी नुसता धूर. बायको शिवणकाम करते. तिने दारातूनच विचारलं, "अवो, सुई उलटी त नाही लावली?" पात्याचे दाते खाली हवेत, ते मी वर करून बसवले होते. दोन दिवस ती येता-जाता हसत होती, आणि मी तोंड वर करून तिच्याकडे पाहत नव्हतो.

शेवटी पातं सरळ धावू लागलं. मग मी आईला बोलावलं. आई इंझोरीची, शेतकऱ्याची लेक. तिला यंत्रातलं कळावं म्हणून मी दोन्ही झाकणं उघडली आणि रबर चढवलेली चाकं दाखवली. म्हटलं, "आई, हे इचे खांदे समज. सारा जोर याच्यावरच येते." आईने चाकावरून हात फिरवला आणि म्हणाली, "गुणाची दिसते." मला भारी वाटलं.

पोळ्याची सुट्टी आली. सकाळीच सागाच्या तुकड्यावर बैल रेखला. संध्याकाळपर्यंत कापायचा, घासायचा, चाकं लावायची, असा बेत होता. मुलगी शेपटीसाठी सुतळी घेऊन उंबऱ्यावर बसली. मी बटण दाबलं, लाकूड पुढे सरकवलं आणि आत धाडकन आवाज झाला. पातं चाकावरून उतरलं होतं.

पुन्हा चढवलं, पुन्हा उतरलं. ताण वाढवला, कमी केला. पातं बदललं. चाकावर पिवळं काही दिसत होतं, पण सागाचा भुसा पिवळाच असतो. वास तर घरभर पुरणाचा आणि तुपाचाच होता. मी चाचांना फोन लावला.

"माह्याकडे कदी नाई उतरली," चाचा म्हणाले. "तुमच्या गावचं पानी लागलं तिले."

आता मात्र माझं डोकं तापलं. मशीनला, चाचांना आणि सागाच्या झाडाला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. मुलीने सुतळीची शेपटी वळून तयार ठेवली होती आणि ती नुसती माझ्याकडे पाहत होती. त्या बघण्याने मला जास्त लाज वाटली.

तेवढ्यात आई आत आली. हातात ताट, ताटात पुरणपोळी, वर तुपाची धार. मी म्हटलं, "आई, मले नको आत्ता."

"तुले कोन देऊन राह्यलं?" आई म्हणाली. "इले आहे. काल आवतन देलं, आज जेवाले घाला लागते."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात आणि त्यांना सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' मी ताटाकडे पाहिलं, मग चाकांकडे. बोट लावून वास घेतला. हळद आणि साजूक तूप. मी कचेरीत असताना आईने झाकणं उघडून मशीनचे खांदे मळले होते, तेही हात राखून नव्हे.

"अवो आई, कायले!" मी ओरडलोच. "पातं घसरून राह्यलं सकायपासून!"

"मंग घसरनच," आई शांतपणे म्हणाली. "पोयाच्या दिवशी जुंपते काय कोनी कामाच्या जनावराले?"

बायको पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली. मी चिडून आणखी बोलणार होतो. पण आई ताट मशीनपुढे ठेवत हळूच म्हणाली, "जोडी इकली तवापासून पोयाले आवतन द्याले कोनीच नाही राह्यलं रे." आमच्या शेतात आता ट्रॅक्टर चालतो. आई दर पोळ्याला मातीचे बैल पुजते, तेवढंच.

चाकं रॉकेलने पुसली, पण बटण दाबलं नाही. मशीनने त्या दिवशी आराम केला. आईने दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच मला उठवलं. पातं असं धावलं, की वशिंडाचं वळण एका दमात निघालं. शिंगं जरा वर-खाली झाली. चाकं चिकटवून मी तसाच कचेरीत पळालो.

संध्याकाळी मिरवणुकीत बक्षीस एका रंगीत, झुली घातलेल्या बैलाला मिळालं. आमचा कोराच होता आणि एक चाक वाकडं असल्यामुळे मान हलवत चालत होता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मुलीला विचारलं, "कुठून आनला व बैल?"

"आनला नाही," ती ठसक्यात म्हणाली. "आमच्या घरचा आहे."

आमच्याकडे 'घरचा' म्हणतात, तो आपल्याच गोठ्यात जन्मलेल्या बैलाला. आई शेजारीच होती. ती झपाझप पुढे निघून गेली.

आम्ही घरी पोहोचलो तर ती दारात उभी. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ओवाळणीचं ताट. "तसाच नको आनू त्याले अंदर," ती मुलीला म्हणाली. ताट तिने माझ्या हातात दिलं, खाली वाकली आणि पोळ्यातून घरी परतलेल्या जित्या बैलाचे धुतात तसे त्याचे पाय धुऊ लागली. चाकांचा गोंद अजून पुरता वाळला नव्हता. मी ताट धरून उभा राहिलो आणि तिला धुऊ दिलं.